दारावरची जर्मन नाल

इंग्लंडला जाऊन आलेल्या तीन गृहस्थांची व्याख्याने आमच्या वाचनालयात आजवर झाली आणि तिन्ही वेळा आभार मानायच्या निमित्ताने उठून मी त्यांच्या विधानांची दुरुस्ती केली. मी स्वतः तेव्हा इंग्लंड पाहिलेले नव्हते, ही गोष्ट खरी. परंतु चुकीचे विधान ओळखायला विमानाचे तिकीट लागत नाही, अशी माझी धारणा होती. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाची ती असतेच. यंदा मुलीकडे बेसिंगस्टोकला सात आठवडे राहून आलो, तेव्हा वाचनालयाच्या चिटणीसांनी हसत हसत सुचवले की, आता गुरुजींनीच लिहावे, म्हणजे दुरुस्तीला कोणी उरणार नाही. त्यांचा टोमणा मला कळला. पण या लेखातली दुरुस्ती मुळात माझीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बेसिंगस्टोक

या गावाचे पहिले लक्षण म्हणजे वर्तुळे. चौक म्हणून नाहीच. जिथे रस्ते भेटतात तिथे गवताचे एक गोल बेट आणि त्याभोवती मोटारी निमूट फिरत असतात. चौथ्या दिवशी मी एकटा फिरायला निघालो आणि एकाच बेटाला तीन वेळा भेटून आलो. तीच झुडपे, तोच निळा फलक, पलीकडे तीच काचेची कचेरी. अखेर एका वृद्ध गृहस्थांना थांबवून मी त्यांना सुनावले की, ज्या गावात रस्ता विचारण्यासाठी चौकात पानाची टपरी नाही, त्याची रचना सदोष आहे. ते म्हणाले, "तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे," आणि मला घरापर्यंत सोडून गेले.

या देशात मी जो गोंधळलो तो इथूनच. आमच्याकडे माणसाला चूक म्हटले की तो अंगावर येतो. मग आपणही जातो, आणि निदान कोण कुठे उभा आहे ते स्पष्ट होते. इथे मी ज्याला ज्याला खोडून काढले त्याने मान हलवली, आभार मानले आणि हवामानाविषयी बोलायला सुरुवात केली. आपण जिंकलो की हरलो हे कळायला मार्गच नाही.

भांडायला घरात एकच माणूस होते, माझी नात इरा. वय सतरा, जन्म इथला, विषय इतिहास. माझी मुलगी सुनीता दिवसभर संगणकासमोर मीटिंगमध्ये असे. जावई कामानिमित्त स्कॉटलंडला गेलेले. इराला शाळेची सुटी. त्यामुळे दुपारचे जेवण मी आणि इरा. सुपरमार्केटातल्या बेसनाचे पिठले मी करी आणि ती ते टोस्टवर पसरून खाई. तिचे मराठी ऐकून माझ्या कानांना त्रास होई, परंतु तिचा युक्तिवाद सरळ असे.

"आजोबा, तुमचा source काय आहे?" हे तिचे पालुपद.

"मी."

"तुम्ही source नाही होऊ शकत. तुम्ही तिथे होतात का?"

"इतिहास शिकवणारा माणूस तिथे नसतोच, बाळ."

"मग जो तिथे होता, तो काय म्हणाला? माझा टीचर नेहमी हेच विचारते."

तिने जे विचारले ते मी त्या वेळी 'माझी टीचर' एवढी दुरुस्ती करून सोडून दिले.

खेड्यातली शेड

दुसऱ्या रविवारी सुनीताने आम्हाला अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात नेले. तिथे एका शेतकऱ्याच्या जुन्या शेडमध्ये काही हौशी मंडळींनी गाड्यांचे संग्रहालय मांडले आहे. दुधाची गाडी, प्रेताची गाडी, आगीच्या बंबाची गाडी. आत शिरताच तेल पाजलेल्या चामड्याचा आणि जुन्या लोखंडाचा वास आला आणि माझी पावले आपोआप मंदावली. मी लोहाराच्या घरातला. साताऱ्याकडच्या आमच्या गावात माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारीत. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ते खेचरांच्या पलटणीत नालबंद, म्हणजे नाल ठोकणारे, होते आणि इटलीच्या डोंगरांत राहून आले होते. भाता मी सोडला, शिकलो, मास्तर झालो. त्यांच्या हातचा वास मात्र गेलेला नव्हता.

शेडच्या टोकाला एक लांब, राखाडी रंगाची चारचाकी गाडी उभी होती. समोर दोन घोड्यांसाठी एक लांब दांडा. फलकावर लिहिले होते की, ही दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याची मालवाहू गाडी आहे. त्या सैन्याची रसद आणि पुष्कळशा तोफा शेवटपर्यंत घोड्यांनीच ओढल्या.

तो मजकूर मी दोनदा वाचला. याचे कारण वाचकांना आत्ताच कळले पाहिजे.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी, प्रजासत्ताक दिनाला आमच्या शाळेने आबांना बोलावले. ते बिल्ले लावलेला कोट घालून आले. त्यांनी मुलांना सांगितले की, इटलीत एका मोठ्या नदीच्या काठी जर्मन लोक आपले घोडे टाकून पळाले. "गाड्यांना जुंपलेले, साज अंगावर. पाणी दहा पावलांवर, पन वळता यीना. आमी आधी साज कापले, मग पाणी पाजलं. मोटारी फोटूत व्हत्या पोरांनो. ओढायला घोडीच." मुले स्तब्ध होऊन ऐकत होती. आभार मानायला मी उभा राहिलो. नवा इतिहासशिक्षक. मी म्हणालो की, वडिलांच्या वयाचा मान राखूनही सत्य सांगणे भाग आहे. जर्मन सैन्य हे रणगाड्यांचे आणि मोटारींचे सैन्य होते, घोड्यांचे युद्ध ते त्याआधीचे. नालबंदाला जिकडेतिकडे घोडेच दिसायचे. मुले हसली. मुख्याध्यापकही हसले.

आबांनी घरी जाऊन कोट पेटीत ठेवला. त्यानंतर वीस वर्षे ते जगले. युद्धाविषयी ते माझ्यापुढे पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा त्या फलकासमोर मी कशासाठी उभा होतो ते ध्यानात यावे. फलक खरा असेल तर मी काय केले होते? म्हणून फलक खोटा असणे आवश्यक होते. मी गाडीभोवतीचा दोर ओलांडला, काठीने चाकाची उंची मोजली आणि मोठ्याने म्हणालो, "ही पहिल्या महायुद्धातली गाडी आहे."

एक उंच, वाकलेला माणूस जवळ आला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'केन' असे नाव होते. दोराच्या अलीकडे यायला माझी काही हरकत आहे का, असे त्याने विचारले. हरकत नाही, असे सांगून मी तिथेच उभा राहिलो. इराने माझा हात धरून मला बाहेर ओढले.

"आजोबा, तो नाही म्हणतोय!"

"तो विचारतो आहे."

"इथे तेच असतं!"

मी केनला अर्धा तास समजावले. रणगाडे, मोटारसायकली, डांबरी महामार्ग, विद्युद्वेगाने केलेल्या स्वाऱ्या. माझ्या वर्गातली सगळी वाक्ये इंग्रजीत घातली. तो हाताची घडी घालून ऐकत होता. त्याच्या बोटांची टोके सपाट होती आणि डाव्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा डाग होता. तशी बोटे मी कुठे पाहिली आहेत, हे त्या क्षणी मला आठवायचे नव्हते. शेवटी तो म्हणाला, "हे फारच रंजक आहे, साहेब. अभिप्रायाच्या वहीत लिहाल का?"

मी लिहिले. 'जर्मन गाडीवरील मजकूर चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्य यांत्रिक होते. कृपया दुरुस्ती करावी.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त मुख्याध्यापक'. मग आम्ही तिथल्या टपरीत सालीसकट भाजलेला बटाटा खाल्ला. त्यावर चीज आणि गोडसर घेवडा होता. मीठ बेताचे होते. मी जिंकलो होतो, पण अर्धा बटाटा तसाच टाकून उठलो.

मेडनहेड

पुढच्या शनिवारी सुनीताच्या ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे मेडनहेडला जेवण होते. चाळीस वर्षे इथल्या रुग्णालयांत काम केलेला, मूळचा पुण्याचा माणूस. बेत अळूची भाजी, मसालेभात आणि श्रीखंड. अळू त्यांच्या काचघरातला, हे त्यांनी तीनदा सांगितले. पुण्यात अळू असा आंबट करीत नाहीत, हे मी एकदाच सांगितले.

जेवताना मी संग्रहालयातला विजय वर्णन केला. डॉक्टर श्रीखंडाचा चमचा खाली ठेवून म्हणाले, "अहो, पण घोडे होतेच की! रशियात तर त्यांचं सगळं घोड्यांवर होतं. पेट्रोल कुठून आणणार? रणगाडे पुढे, ते फिल्ममध्ये दिसायचे. मागची पलटण चालत, आणि सामान घोडागाडीत. It's quite well known."

"कोणाला?" मी विचारले.

"बऱ्याच जणांना. माझ्याकडे दोन-तीन पुस्तकं आहेत, नेता का वाचायला?"

नको, असे मी सांगितले. इराने आधीच टेबलाखाली मोबाइल उघडला होता. "आजोबा, डॉक्टरकाका right आहेत. इथे फोटो आहे. खूप सारी आहेत. हे बघा, नदीच्या बाजूला सगळी घोडे. इटली."

मी चष्मा काढून ठेवला. फोटो पाहायचा नाही म्हणून नव्हे; तो पुसायचा होता.

तेवढ्यात सुनीता म्हणाली, "बाबा, आबा इटलीलाच होते ना? मी लहान असताना त्यांना विचारायचे, आबा, वॉरचं सांगा ना. ते म्हणायचे, तुझ्या बापाला विचार, तो शिकलेला हाय. मला वाटायचं, चेष्टा करतायत."

मी चष्मा पुसत राहिलो. इरा मात्र सोडणारी नव्हती.

"म्हणजे पणजोबा तिथे होते? Actually तिथे? मग ते काय म्हणाले?"

त्या टेबलावर, परक्या माणसाच्या घरी, अळूची वाटी समोर असताना मी प्रथमच ती प्रजासत्ताक दिनाची गोष्ट सांगितली. संपल्यावर डॉक्टरांनी माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढले. ही त्यांची सहानुभूती होती की मी केलेल्या टीकेला उत्तर, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

परतीच्या वाटेवर इरा म्हणाली, "फोटो generic असतात, आजोबा. पणजोबांनी तिथून काही आणलं होतं का?"

आणले होते. एक नाल. पाण्यावाचून उभ्या असलेल्या एका लंगड्या घोडीच्या पायाची, असे लहानपणी ऐकले होते. ती आमच्या दाराच्या चौकटीवर आहे, टोके वर करून. दोन्ही टोकांपाशी एकेक भोक आहे आणि त्या भोकांतून खिळे ठोकून ती टांगलेली आहे. टांगण्यासाठी आबांनीच ती भोके पाडली, असे मी जन्मभर समजत आलो. लोहाराने लोखंडाला भोक पाडले, त्यात विचारायचे काय?

पुन्हा शेड

सोमवारी सकाळी, सुनीता मीटिंगमध्ये असताना, मी आणि इरा बसने गेलो. बस आम्हाला दीड मैल पुढे सोडून गेली, कारण थांब्यासाठी घंटी दाबायची असते हे आम्हा दोघांनाही ऐन वेळी सुचले नाही. चिखलातून चालत पोचलो तेव्हा केन एका गाडीच्या चाकाला वंगण लावत होता. मला पाहून तो सावधपणे उठला.

मी त्याला सांगितले की, मी वाद घालायला आलेलो नाही. माझे वडील नालबंद होते.

त्याच्या चेहऱ्यावर जे झाले ते आदल्या खेपेच्या अर्ध्या तासात माझ्या एकाही मुद्द्याने झाले नव्हते. "मीही तोच," तो म्हणाला. "पन्नास वर्षे." आणि त्याने आपला डावा अंगठा पुढे केला. त्यानंतर त्याच्या बोलण्यातला 'साहेब' नाहीसा झाला.

मी नालेचे वर्णन केले. भोकांपाशी येताच त्याने मला थांबवले, आत जाऊन एक गंजकी नाल आणली आणि माझ्या हातात ठेवली. टोकांपाशी दोन भोके. केनने खिशातून एक आखूड, टोकदार पोलादी खुंटी काढली आणि भोकात पिळून बसवली.

"बर्फावर, निसरड्यावर घोडा घसरू नये म्हणून," तो म्हणाला. "बर्फ आला की खुंट्या बसवायच्या, गेला की काढायच्या. नाल उपटावी लागत नाही. म्हणून भोकाला आतून स्क्रूसारखे आटे असतात. तुमच्या वडिलांच्या नालेला आहेत?"

"माहीत नाही."

"कधी बोट घालून पाहिलं नाही?"

अठ्ठ्याहत्तर वर्षे मी त्या नालेखालून ये-जा करतो आहे. मी म्हणालो, "नाही."

इराने माझ्या धाकट्या भावाला, दत्तूला, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. आबांचा भाता त्याने चालवला. आता तिथे वेल्डिंगचे दुकान आहे. मी म्हणालो, दत्तू, स्टुलावर चढ आणि दारावरची नाल काढ.

"का? साडेसाती आली का तुला तिकडं?"

"काढ म्हणतो ना!"

पडद्यावर प्रथम त्याचा कान दिसला, मग छत, मग हिरवी चौकट. दर दिवाळीला चौकटीबरोबर नालेलाही ऑइल पेंट बसत आलेला. खिळे उपटल्याचा करकर आवाज शेडमध्ये घुमला. दत्तूने चाकूने भोकातला रंग खरवडायला सुरुवात केली. केन माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता आणि एकही शब्द कळत नसताना मान डोलवत होता.

"रंग लई बसलाय, दादा... थांब. हां. आटं हायेत की."

"नीट बघ. खरवडल्याचे ओरखडे असतील."

"वेल्डिंगवाल्याला आटं कळत न्हाईत व्हय? आन मला ठावं हाय ते. आबांनी दावलं होतं मला. जर्मन नाल हाय म्हणाले. बर्फात खुंटी लावत्यात."

"तुला माहीत होते? मग इतकी वर्षे मला सांगितले का नाहीस?"

दत्तू स्टुलावरून उतरला. त्याचा चेहरा पडद्यावर नीट आला.

"तू कधी इचारलंस, दादा?"

हा माझा भाऊ सहावी नापास आहे. त्याच्या या प्रश्नाचे खंडन मला करता आले नाही.

केनला मी सारे सांगितले. तो नालबंदाला शोभेल अशा सावधपणाने म्हणाला की, केवळ आट्यांवरून तो शपथ घेणार नाही. अशी भोके इतर सैन्यांच्या नालांनाही कधीकधी असत. "पण नदीकाठी, त्या गाड्यांपाशी, स्वतः नालबंदाने घोडीच्या पायातून काढलेली?" तो म्हणाला. "मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीन." मग थोडे थांबून त्याने विचारले, "तिला पाणी मिळालं का?"

मिळाले होते. एवढे तरी मला माहीत होते.

मी अभिप्रायाची वही मागितली आणि माझे पान फाडायला सुरुवात केली. केनने माझ्या हातावर हात ठेवला. या देशात मला कोणीतरी प्रथमच स्पष्टपणे 'नाही' म्हणाले. वहीतले पान फाडायचे नाही. चूक असेल तर खाली लिहायचे, म्हणजे दोन्ही राहते. मी वाद घातला. इराही माझ्या बाजूने नव्हती.

"आजोबा, तुमचं पण source आहे ते," ती म्हणाली. "चुकलेला, पण source."

म्हणून माझ्या मूळ मजकुराखाली, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, मी लिहिले: 'वरील विधान चुकीचे आहे. ते लिहिणाऱ्याच्या वडिलांनी हे घोडे पाहिले होते, त्यांचे साज कापले होते आणि त्यांना पाणी पाजले होते. त्यांनी हे सांगितले तेव्हा लिहिणाऱ्याने त्यांना बोलू दिले नाही.' सहीखाली 'निवृत्त मुख्याध्यापक' लिहायला पेन टेकवले आणि उचलले. तिथे 'नालबंदाचा मुलगा' असे लिहिले.

निघताना केनने ती पोलादी खुंटी माझ्या तळहातावर ठेवली.

घरी

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी स्टुलावर चढलो. दत्तूने नाल होती तशी परत टांगली होती, फक्त डावे भोक मोकळे ठेवले होते. त्या बाजूने ती तारेने बांधलेली. मी खुंटी भोकाला लावली आणि फिरवली. पहिला आटा धरला. दुसरा अर्ध्यावर गेला आणि अडकला. गंज असेल, रंग असेल. माप किंचित निराळेही असेल. दत्तू खालून म्हणाला, "तेल दे, नाहीतर उतर, मी आटं साफ करायचा टॅप फिरवून देतो, दोन मिनिटांचं काम."

नको म्हटले. आहे तशी राहू दे.

अशी ती खुंटी आता चौकटीवरून अर्धे बोट पुढे आलेली आहे. खुंटी त्या भोकाचीच आहे की नुसती बसवलेली, नाल जर्मन आहे की नाही, हे त्या दीड आट्यावरून सिद्ध होते का, याचा निकाल मला अद्याप लावता आलेला नाही. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी त्याला आबांची हकीकत सांगतो, आबांच्याच शब्दांत. मग कोणीतरी शिकलेला माणूस हमखास निघतो आणि म्हणतो की, गुरुजी, जर्मन सैन्य तर मोटारींचे होते, घोडे कुठून आले?

त्याच्याशी मी भांडतो.